तीन इंजिनं, एकच बादली

पत्र : काका, नमस्कार. आम्ही नारायणगावजवळचे. टोमॅटो आणि पालेभाजी वाहायला बाबांच्या दोन पिकअप आहेत, शेतीला एक ट्रॅक्टर आहे. हिशेब मी बघते. जुनी पिकअप २०१४ ची, बीएस-३, अडीच लाख किलोमीटर झालेली. आठवड्यातून चार वेळा वाशी मार्केटला तीच जाते, कारण बाबांचा तिच्यावरच भरवसा. नवी २०२२ ची, बीएस-६. ती शेत ते मार्केट अशी सात-आठ किलोमीटरच्या फेऱ्या मारते. गावातला मिस्त्री ट्रॅक्टरसाठी आणलेल्या ऑइलच्या बादलीतूनच तिन्हींत ओततो. बादलीवर २०डब्ल्यू-४०, सीएफ-४ असं लिहिलंय. जुनीच्या पुस्तकात १५डब्ल्यू-४०, सीएच-४ किंवा त्यावरचं, आणि नवीच्या पुस्तकात ५डब्ल्यू-३०, एसीईए सी३ असं आहे. बाबा म्हणतात, घाटात लोड घेऊन जायचं तर ऑइल घट्टच हवं, पाण्यासारखं पातळ ऑइल काय कामाचं. शिवाय नवी गाडी ऑइल खातच नाही, पट्टीवर उलट वाढलेलंच दिसतं, म्हणून ते खूश आहेत. दोन महिन्यांपासून डॅशबोर्डवर चौकोनी डबा आणि आत ठिपके असा पिवळा दिवा लागतोय. मिस्त्री म्हणतो, सायलेन्सरमधला फिल्टर काढून टाकू, कटकट मिटेल. महागडं ऑइल खरंच लागतं का? तिन्हींना चालेल असं एकच ऑइल सांगाल का?

ताई, नमस्कार.

ऑइल कोणतं ते सांगतोच. पण तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं : पट्टीवर ऑइल उलट वाढलेलं दिसतं. बाबांना त्याचा आनंद वाटतोय, मला काळजी वाटतेय. इंजिनात ऑइल तयार होत नाही. पट्टीवरची पातळी वाढली याचा अर्थ त्यात दुसरं काहीतरी मिसळलंय, आणि तुमच्या गाडीच्या बाबतीत ते डिझेल असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. म्हणून आधी तेच बघू.

उद्या सकाळी गाडी सपाट जागेवर असताना, सुरू करण्याआधी पट्टी काढा. स्वच्छ फडक्याने पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला, परत काढा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. वरच्या खुणेच्या वर गेलं असेल तर पट्टीच्या टोकाचा थेंब बोटावर घ्या आणि वास घ्या. जुन्या ऑइलला जळकट वास असतो. त्यात डिझेल असेल तर पंपावर उभं राहिल्यासारखा वास येतो आणि थेंब बोटावरून चटकन पसरतो. असं आढळलं तर त्या दिवशी गाडी फेरीला पाठवू नका. पातळी फारच वाढली तर ते ऑइल इंजिनाच्या श्वासनळीतून हवेच्या वाटेने आत ओढलं जातं, इंजिन त्यावरच जळायला लागतं आणि चावी बंद केली तरी थांबत नाही. फार वेळा होत नाही, पण झालं की इंजिनाचा कोळसा होतो.

आता हे डिझेल तिथे गेलं कसं? तो पिवळा दिवा, चौकोनी डबा आणि आत ठिपके, हा डीपीएफचा, म्हणजे मिस्त्री काढायला निघालाय त्याच फिल्टरचा आहे. सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेली ही जाळी म्हणजे बारीक बारीक भोकांची, विटेसारखी भाजलेली एक कांडी. धुरातली काजळी तिच्यात अडकते. जाळी भरत आली की गाडी स्वतःच ती काजळी जाळून टाकते, आणि त्यासाठी आतलं तापमान सहाशे अंशांच्या आसपास न्यावं लागतं. इतकी उष्णता आणायला बहुतेक गाड्यांत एक युक्ती वापरतात. सिलिंडरमधला मुख्य स्फोट झाल्यावर उशिरा थोडं जास्तीचं डिझेल सोडलं जातं, ते धुराबरोबर पुढे जाऊन जळतं आणि जाळी तापवतं. मात्र त्यातलं थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीला चिकटतं आणि पिस्टनच्या रिंगांवरून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं.

लांबच्या रस्त्यावर, एका लयीत गाडी चालली की हे काम पंधरा-वीस मिनिटांत आटोपतं. तुमची नवी गाडी सात किलोमीटर जाते आणि बंद होते. जाळणं सुरू झालं, अर्धवट तुटलं. दुपारी परत सुरू झालं, परत तुटलं. दरवेळी थोडं डिझेल ऑइलमध्ये. पेट्रोल ऑइलमधून बऱ्यापैकी उडून जातं, डिझेल तसं उडत नाही, साठतच जातं. म्हणजे बाबांनी ‘घट्ट’ म्हणून ओतलेलं ऑइल आज चेंबरमध्ये पुस्तकातल्या ऑइलपेक्षाही पातळ झालेलं असू शकतं. बेअरिंग आणि टर्बो त्याच पातळ थरावर फिरतायत.

यावरचा अर्धा उपाय डब्यात नाही, तुमच्या वेळापत्रकात आहे. गाड्यांची अदलाबदल करा. नवी वाशीला पाठवा, जुनी गावात फिरवा. ओतूरहून माळशेज उतरून मुरबाड, कल्याणमार्गे वाशी, हा सलग चालणारा रस्ता डीपीएफला औषधासारखा आहे. जुनीला डीपीएफच नाही, तिला छोट्या फेऱ्यांचं एवढं वावडं नाही. बाबांना रोज नको वाटलं तर निदान आठवड्यातून दोन खेपा नवीच्या करा. बाबांचा जुनीवर जीव आहे हे मला कळतं. अडीच लाख किलोमीटर जिने घर चालवलं तिच्यावर असणारच. पण तिलाही आता लांबची दगदग कमी करायला हरकत नाही.

आता राखेकडे येतो. महागडं ऑइल खरंच लागतं का, याचं उत्तर तिथे आहे.

घरी चूल असेलच. लाकूड जळतं, राख उरते. ती राख पुन्हा कितीही पेटवा, जळत नाही, सुपलीने काढूनच टाकावी लागते. डीपीएफमध्ये अगदी हेच होतं. काजळी हे लाकूड, ती जळून जाते. राख मात्र येते इंजिन ऑइलमधून. इंजिन आतून स्वच्छ ठेवायला ऑइलमध्ये कॅल्शियमची, मॅग्नेशियमची द्रव्यं घालतात, झीज रोखायला जस्ताचं द्रव्य घालतात. प्रत्येक इंजिन थोडं तरी ऑइल जाळतंच, आणि त्या जळलेल्या ऑइलमधल्या या धातूंची राख जाळीत जाऊन बसते. ती गाडीला जाळता येत नाही. म्हणून बीएस-६ गाड्यांना कमी राखेचं ऑइल सांगतात. तुमच्या पुस्तकातल्या ‘एसीईए सी३’ या अक्षरांचा अर्थ एवढाच, की युरोपातल्या वाहन उत्पादकांच्या संघटनेच्या मोजमापात हे ऑइल जाळीच्या गाड्यांसाठी आहे आणि त्यात राखेचं प्रमाण जास्तीत जास्त ०.८ टक्के आहे. सीएफ-४ हा दर्जा १९९० चा. तेव्हा डीपीएफ हा शब्दही कुणा मिस्त्रीच्या कानावर नव्हता, आणि त्या दर्जात राखेवर बंधनच नाही.

तुम्ही हिशेब बघता, म्हणून हिशेबच मांडतो. समजा इंजिनाने दहा हजार किलोमीटरमध्ये एक लिटर ऑइल जाळलं. एक लिटरचं वजन साधारण ८७० ग्रॅम. ०.८ टक्क्यांनी राख सात ग्रॅम. ऑइलमध्ये राख १.४ टक्के असेल तर बारा ग्रॅम. गाडी दोन लाख किलोमीटर चालली तर एकीकडे १४० ग्रॅम, दुसरीकडे जवळपास अडीचशे. तेवढी पूड एका बारीक भोकांच्या विटेत कोंबलेली डोळ्यांसमोर आणा. आता पैशाचं बघू. समजा योग्य ऑइल लिटरमागे २०० रुपयांनी महाग पडतं, इंजिनात सहा लिटर बसतं आणि दहा हजार किलोमीटर चालतं. जास्तीचे १,२०० रुपये, म्हणजे किलोमीटरला बारा पैसे. नवा डीपीएफ काय किमतीला पडतो ते शोरूमला फोन करून विचारा आणि तो आकडा या बारा पैशांशेजारी लिहून बाबांना दाखवा.

मग जुन्या काळी इतकी द्रव्यं का घालायचे, असं वाटेल. त्याला कारण होतं. तेव्हाच्या डिझेलमध्ये गंधक भरपूर असायचं. ते जळून आम्ल तयार व्हायचं, आणि ते आम्ल मारायला ऑइलमध्ये ही द्रव्यं लागायची. बीएस-३ च्या डिझेलमध्ये गंधक दहा लाखांत ३५० भागांपर्यंत चालायचं, बीएस-४ मध्ये ५०, आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर आलेल्या बीएस-६ डिझेलमध्ये फक्त १०. डिझेल स्वच्छ झालं, म्हणून ऑइलमधली ती द्रव्यं कमी करणं शक्य झालं. कमी राखेचं ऑइल म्हणजे कमी ताकदीचं ऑइल असा गैरसमज बाबांचा असेल तर तो जरूर दूर करा.

दुकानात एक गफलत हमखास होते, त्याबद्दल सावध करतो. तुम्ही सी३ मागाल. दुकानदार म्हणेल, ताई, सी३ कशाला, हे सीआय-४ घ्या, हे वरचं आहे. त्याला फसवायचं नसतं, पण तो दोन वेगळ्या शाळांचे गुण एकत्र करतोय. सीएफ-४, सीएच-४, सीआय-४, सीके-४ ही अमेरिकेतल्या एपीआय या पेट्रोलियम संस्थेची मालिका. तिथे ‘सी’ म्हणजे डिझेल, आणि पुढचं अक्षर जितकं पुढचं तितका दर्जा नवा : सीएच-४ १९९८ चा, सीआय-४ २००२ चा, सीके-४ २०१६ चा. एसीईएची सी२, सी३ ही मालिका अगदी वेगळी. तिथला ‘सी’ धूर शुद्ध करणाऱ्या उपकरणांशी जुळणारं ऑइल असं सांगतो. डब्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ‘एसीईए सी३’ असं पूर्ण छापलेलं दिसलं तरच नव्या गाडीसाठी तो डबा घ्या. पुढच्या बाजूला ट्रकचं चित्र, ‘सुपर’, ‘टर्बो’, ‘पॉवर’ असं काय वाटेल ते असो, वाचायची ती मागची बाजू. चष्मा लागला तर लावून वाचा, आणि मोबाइलमध्ये तिचा फोटो काढून ठेवा.

आता घट्ट-पातळचं. बाबांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. त्यांच्या तरुणपणी एकाच घट्टपणाची ऑइलं मिळायची, थंडीत एक, उन्हाळ्यात एक. तेव्हाच्या इंजिनांच्या फटीही मोठ्या असत. पण ५डब्ल्यू-३० मध्ये दोन आकडे आहेत. ‘डब्ल्यू’ म्हणजे हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा थंड इंजिनात ऑइल किती सहज फिरतं ते सांगतो, जितका लहान तितकं चांगलं. नंतरचा आकडा १०० अंशांना, म्हणजे इंजिन पुरतं तापल्यावर, ऑइल किती घट्ट राहतं ते सांगतो. आपल्याकडे पारा शून्याखाली जात नाही, मग ५ कशाला, असं विचाराल. जुन्नरच्या डिसेंबरातली पहाटे चारची वेळ आठवा. स्टार्टर मारल्यावर पहिले काही सेकंद वरच्या कॅमला, टर्बोच्या दांड्याला ऑइल पोचलेलं नसतं. इंजिनाची बरीच झीज त्या सेकंदांत होते. ५ चं ऑइल तिथे २० च्या आधी पोचतं.

आणि घाटाचं म्हणाल तर थर्मोस्टॅट आणि रेडिएटर इंजिनाचं तापमान ठरलेल्या पट्ट्यात ठेवतात, मग बाहेर माळशेजचं धुकं असो की मे महिन्यातलं कल्याण. शिवाय तुमची गाडी लोड घेऊन माळशेज उतरते. चढते ती रिकामे क्रेट घेऊन! नव्या इंजिनाची बेअरिंगं, ऑइलच्या बारीक वाटा, पंप हे सगळं ३० च्या हिशेबाने कापलेलं आहे. तिथे घट्ट ऑइल घातलं तर ते उशिरा पोचतं, पंपाला जड जातं आणि डिझेलही जास्त लागतं.

इथे माझी एक चूक सांगतो. गॅरेज टाकून थोडीच वर्षं झाली होती. एक जीप आली, तापल्यावर ऑइल प्रेशरचा दिवा लुकलुकायचा. मी ऑइल उतरवून जास्त घट्ट घातलं. दिवा बंद झाला, मालक खूश, मीही खूश. महिनाभरात तीच जीप दोरीने ओढून आणली. चेंबर उघडला तर तळाशी बेअरिंगचा चुरा, बोटावर घेतला तर चंदेरी चमकणारा. बेअरिंग आधीच झिजलेलं होतं, मी घट्ट ऑइल घालून फक्त त्याची सूचना बंद केली होती. तो माणूस त्या गाडीवर शाळेची मुलं ने-आण करायचा. एक महिना त्याचा धंदा बुडाला. तेव्हापासून प्रेशर न मोजता घट्ट ऑइल घालायचं मी सोडलं. तुमच्या मिस्त्रीवर मी रागावलो नाही त्याचं कारण हेच. तो जे करतोय ते मीही केलंय.

जुन्या पिकअपला पुस्तकाप्रमाणे १५डब्ल्यू-४० घ्या, सीआय-४ प्लस दर्जाचं. सीएच-४ च्या जागी ते बिनधास्त चालतं आणि कुठल्याही चांगल्या दुकानात मिळतं. तिला नवीचं महाग सी३ ऑइल घालू नका. पैसे जातील आणि झिजलेल्या इंजिनातून पातळ ऑइल गळायला, जळायला लागेल. एक काळजी घ्या. इतकी वर्षं साध्या ऑइलवर चाललेल्या इंजिनात मळ साठलेला असतो, चांगलं ऑइल तो सोडवायला लागतं. म्हणून पहिली खेप अर्ध्या अंतरावरच उतरवा, ऑइल फिल्टरसकट. नंतर नेहमीच्या अंतराने. आणि नवं ऑइल चार-पाचशे किलोमीटरमध्ये काळं झालं म्हणून घाबरू नका. डिझेल इंजिनात ते होणारच. काजळी आपल्या अंगावर घेऊन फिरवत ठेवणं हे त्याचं काम आहे. काळं झालं की बदला असं सांगणाऱ्याला रंग नको, किलोमीटर दाखवा. पुस्तकात खडतर वापरासाठी वेगळं, कमी अंतर दिलेलं असतं, तुम्ही त्या रकान्यात मोडता.

ट्रॅक्टरची बादली ट्रॅक्टरलाच ठेवा, त्याच्या पुस्तकात तेच लिहिलं असेल तर. तिन्हींना चालेल असं एकच ऑइल मला सांगता येणार नाही, आणि कुणी सांगितलं तर घेऊ नका. बादलीवर आणि डब्यांवर ऑइल पेंटचे वेगवेगळे पट्टे ओढा, त्याच रंगाचा ठिपका प्रत्येक गाडीच्या बॉनेटच्या आतल्या बाजूला द्या. मिस्त्रीला वाचावं लागणार नाही, चूकही होणार नाही.

फिल्टर काढून टाकायला मात्र माझा ठाम नकार आहे. मंजूर रचनेत असा फेरफार मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये बसत नाही, हे एक. दुसरं म्हणजे ती गाडी रोज तुमच्याच अंगणात सुरू होते. जाळी अडवते ती काजळी इतकी बारीक असते की थेट फुप्फुसात खोलवर जाते. घरातली म्हातारी माणसं, पोरं ती श्वासात घेणार. कटकट मिटणार नाही, फक्त दिसेनाशी होईल.

तेव्हा नवीला सर्व्हिस सेंटरला न्या. पट्टीवर ऑइल वरच्या खुणेच्या पुढे असेल तर चालवत नेऊ नका, आधी मिस्त्रीकडून जास्तीचं उतरवून घ्या. सर्व्हिस सेंटरला सांगा की मशीन लावून डीपीएफमधली काजळी जाळून द्या, आणि किती काजळी, किती राख भरली आहे तो आकडा लिहून द्या. ते झाल्यावरच नवं ऑइल आणि नवा ऑइल फिल्टर. हा क्रम उलटा करू नका, नाहीतर जाळताना उतरणारं डिझेल नव्या ऑइलमध्ये मिसळेल. ऑइल बदलल्याची नोंद गाडीच्या कॉम्प्युटरमध्येही करून घ्या. चुकीच्या ऑइलच्या एक-दोन खेपांनी जाळी कायमची जात नाही, तुम्ही वेळेत विचारलंत. बिलावर ‘५डब्ल्यू-३०, एसीईए सी३’ असं स्पष्ट लिहून घ्या, पुढे वॉरंटीचा प्रश्न आला तर तोच कागद कामी येतो.

डबे सीलबंद घ्या, रिकामे झाले की भोक पाडूनच भंगारात द्या, कारण त्याच डब्यांत भरून नकली ऑइल परत बाजारात येतं. कंपनीचं नाव कोणतं हे मी मुद्दाम सांगत नाही, मागची बाजू जुळली की नामांकित कंपन्यांमधलं कोणतंही चालेल. वरून ओतायच्या छोट्या बाटल्या, ‘इंजिन ट्रीटमेंट’ वगैरे, अजिबात नकोत. उतरवलेलं ऑइल बांधावर, ओढ्यात ओतू नका, वाळवी लागू नये म्हणून लाकडांना फासू नका. डब्यात साठवून अधिकृत गोळा करणाऱ्याला द्या, आणि ते अंगाला लागलं तर साबणाने लगेच धुवा.

राहिले बाबा. त्यांना माझं पत्र वाचून दाखवू नका, त्याने वाद होईल. उद्या सकाळी नवीची पट्टी त्यांनाच काढायला सांगा. थेंब त्यांच्याच बोटावर येऊ दे, वास त्यांनाच घेऊ दे. आयुष्यभर डिझेलची गाडी चालवलेल्या माणसाला तो वास ओळखायला कुणाची गरज लागत नाही. पातळी खुणेच्या किती वर होती, आणि सर्व्हिस सेंटरने राखेचा काय आकडा दिला, ते मला जरूर कळवा.